घराकडे जरा बघा

मास्तरांनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बॅग टेकवली, मागे वळून म्हणाले, "घराकडे जरा बघा हं, हेडक्लार्क," आणि हेडक्लार्क म्हणाले, "बघतो की." एवढंच बोलणं झालं. साक्षीला मास्तरीणबाई होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष हातातल्या पिशव्यांकडे. पुढे जे काही झालं त्याचा दोष या दोन वाक्यांकडे जातो, आणि त्यातही पहिल्या वाक्याकडे जास्त, असं हेडक्लार्कांचं अजूनही मत आहे.

हेडक्लार्कांना सगळी इमारत हेडक्लार्क म्हणायची, कारण ते होतेच. वजनमापांच्या कचेरीत त्यांचं टेबल खिडकीशी होतं आणि कुठलीही गोष्ट नेमकी किती, कुठून, कुणाच्या सांगण्यावरून, हे कळल्याशिवाय ते पेनाचं टोपण काढत नसत. मास्तर त्यांचे शेजारी, दाराला दार लागून. जन्मभर भूमिती शिकवून निवृत्त झालेले. आता मुलीकडे महिनाभर राहायला निघाले होते. दोघांची ओळख जुनी, पण पेपरची अदलाबदल आणि जिन्यातला दिवा कोणी घालवायचा, यापलीकडे कधी न गेलेली. त्यामुळे घराकडे बघायची कामगिरी आपल्यावर सोपवली गेली याचा हेडक्लार्कांना आत कुठेतरी फार आनंद झाला. ते घरात आले तेच जरा छाती पुढे काढून.

"मास्तरांनी घराकडे बघायला सांगितलंय," त्यांनी बायकोला सांगितलं.

"म्हणजे नेमकं काय बघणार?" बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं.

"घर."

"ते काही कुठं जात नाही. किल्ली दिली का?"

"नाही."

"मग बाहेरूनच बघा म्हणाले ते."

हे हेडक्लार्कांना लागलं. विश्वास टाकायचा तो फक्त डोळ्यांवर, हातांवर नाही, असा त्याचा अर्थ होत होता. पण शब्द दिला होता. शिवाय 'बघा' हा शब्द किती निसरडा असतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. कचेरीत साहेब एखाद्या कागदावर 'पहावे' असा शेरा मारत. तो कागद ज्याच्याकडे जाई तो त्यावर पुन्हा 'पहावे' लिहून पुढे सरकवी, आणि असा सगळ्या कचेरीला बघून कागद परत आला की साहेब 'पाहिले' म्हणून सही करत. कागद कोणी वाचलेला असायचा असं नाही. हेडक्लार्कांनी ठरवलं की आपण तसं करायचं नाही. आपण खरोखर बघायचं.

ते सकाळी कचेरीला निघताना आणि संध्याकाळी आल्यावर मास्तरांच्या दारासमोर हात मागे बांधून उभे राहू लागले. आधी दार बघायचं. मग चौकट. मग कुलूप, आणि ते नुसतं बघून समाधान होत नाही म्हणून दोनदा ओढून बघायचं. कुलूप मोठं, जुनं, पितळी होतं आणि ओढल्यावर असा काही आवाज करायचं की वरच्या मजल्यावरची माणसं कठड्यावरून वाकून बघायची. थोड्याच दिवसांत इमारतीच्या सेक्रेटरीने त्यांना फाटकापाशी गाठलं.

"तुम्ही रोज मास्तरांच्या दाराशी काय करता?"

"बघतो."

"काय बघता?"

"दार. आणि कुलूप."

सेक्रेटरीने जरा विचार केला. "ते ठीक आहे. पण लोक तुमच्याकडे बघताहेत, एवढंच सांगायचं होतं," तो म्हणाला आणि निघून गेला.

जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं असंच होतं, असं हेडक्लार्कांनी मनाशी म्हटलं आणि त्या दिवसापासून कुलूप एकदाच ओढायला सुरुवात केली.

मग एका रविवारी सकाळी ते पेपर घ्यायला दार उघडून बाहेर आले, तर पायाला गार लागलं. मास्तरांच्या दाराखालून पाणी येत होतं. फार नाही, पण येत होतं. बारीक धार उंबरठ्यावरून उतरून जिन्याच्या दिशेने निघाली होती, अगदी वाट माहीत असल्यासारखी. हेडक्लार्कांनी वाकून, मग गुडघ्यांवर बसून, मग गाल फरशीला लावून दाराखाली बघितलं. अंधार आणि ओलेपणा, याखेरीज काही दिसलं नाही.

त्यांनी मास्तरांना फोन लावला. पलीकडे कुठलंसं मूल मोठ्याने रडत होतं.

"मास्तर, तुमच्या दाराखालून पाणी येतंय."

"पाणी? बघा बरं."

"बघितलं. येतंय."

"मग बघा ना काहीतरी."

'बघा'च्या पुढे 'काहीतरी' लागल्याबरोबर काम डोळ्यांवरून हातांवर आलं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं. "कुलूप तोडावं लागेल कदाचित," ते जपून म्हणाले.

"ते आता तुम्ही बघा. मला इथे काही ऐकू येत नाहीये," मास्तर म्हणाले आणि फोन बंद झाला.

हेडक्लार्क फोन हातात धरून उभे राहिले. एकाच माणसाने एकाच दमात एकच शब्द तीनदा वापरला होता. पहिल्याने त्यांना बघायला लावलं, दुसऱ्याने कामाला लावलं आणि तिसऱ्याने सगळी जबाबदारी त्यांच्या गळ्यात घातली. कचेरीत याला निदान लेखी आदेश लागला असता.

त्यांनी प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, "येऊन बघतो." कधी, ते बोलला नाही. त्यांनी सेक्रेटरीचं दार वाजवलं. तो म्हणाला, "पुढच्या मीटिंगमध्ये बघू." पण पाणी तोवर एक मजला उतरून सेक्रेटरीच्याच पायपुसण्यापाशी आलं होतं. ते बघून तो चप्पल न घालताच गच्चीवर पळाला आणि त्याने मास्तरांच्या घराचा व्हॉल्व्ह फिरवायला घेतला. व्हॉल्व्ह आधीच बंद होता. मास्तर जाताना बंद करून गेले होते.

"खराब झालेला असणार. बंद होऊनही चालू राहतो," सेक्रेटरी म्हणाला, आणि हेडक्लार्कांनीही मान हलवली. पुढे या मान हलवण्याचा त्यांना फार पश्चात्ताप झाला. मग सेक्रेटरीने सगळ्या इमारतीचंच पाणी बंद केलं.

रविवारची सकाळ. घराघरांत अंघोळी चाललेल्या. थोड्याच वेळात जिन्यात माणसं जमायला लागली. कोणाच्या गालाला फेस, कोणाच्या डोक्याला शांपू, कोणी नुसतंच चिडलेलं. पाणी कोणी बंद केलं असं ज्याला त्याला विचारत सगळे मास्तरांच्या दारापाशी येऊन थांबले आणि एकदा थांबल्यावर बघत उभे राहिले. वरच्या मजल्यावरून खुर्च्या आल्या. फेसवाला म्हणाला, दार फोडा. शांपूवाला म्हणाला, खिडकीतून शिरा. खिडकी तिसऱ्या मजल्यावर होती, हे कोणीतरी त्याच्या नजरेला आणून दिलं, तेव्हा तो म्हणाला, "मी सुचवून बघितलं."

प्लंबर आला. खरोखर आला, हे त्या दिवसातलं पहिलं नवल. त्याने पाण्यात बोट बुडवलं, बोटाचा वास घेतला आणि सांगितलं की कुलूप उघडल्याशिवाय काही दिसणार नाही. म्हणून हेडक्लार्क नाक्यावरच्या किल्लीवाल्याला घेऊन आले. त्याने पेटी खाली ठेवली, कुलपाला मानाने हात लावला आणि विचारलं, "मालक कुठंयत?"

"बाहेरगावी. मी बघतो त्यांच्या घराकडे."

"बघणारा चालत नाही. मालक लागतो."

"अहो, त्यांनीच सांगितलंय."

"तसं सगळेच सांगतात," किल्लीवाला म्हणाला. "पोलीस आणा, मग हात लावतो."

चौकी जवळच होती. बाकावर बसलेल्या हवालदाराने हेडक्लार्कांचं सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं त्या घराशी नातं काय?"

"शेजारी. मी बघतो घराकडे."

"पगार किती देतात?"

"पगार नाही. असंच बघतो."

हवालदाराने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. विनापगार दुसऱ्याच्या घराकडे बघणाऱ्या माणसाबद्दल पोलिसांच्या मनात जो विचार येतो तो त्याच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. "साहेब येईपर्यंत वाट बघा," तो म्हणाला. हेडक्लार्क ओल्या पायजम्यात बाकावर बसून वाट बघू लागले. येणारे-जाणारे त्यांच्याकडे, पकडून आणलेल्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. त्यातले दोघे त्यांच्या कचेरीतले निघाले. एकाने तर नमस्कारही केला, पण तो अशा बेताने की कोणाला दिसू नये.

शेवटी साहेब आले नाहीतच. हवालदारालाच कंटाळा आला आणि तो म्हणाला, "चला, मीच बघतो."

किल्लीवाल्याने कुलपात एकामागून एक तारा घालून बघितल्या. कुलूप ढिम्म हललं नाही. मग हवालदार म्हणाला, "कोयंडाच काढा ना." प्लंबरने पहार घातली, फेसवाल्याने मागून जोर लावला, आणि कोयंडा चौकटीच्या लाकडाची चांगली वीतभर ढलपी घेऊन बाहेर आला. कुलूप मात्र कडीला तसंच लटकत राहिलं. एक ओरखडाही नाही.

दार उघडलं. हवालदार पुढे, मागे प्लंबर, त्याच्यामागे हेडक्लार्क आणि मग ज्याला ज्याला मान आत घालता आली तो. स्वयंपाकघर कोरडं होतं. बाथरूम कोरडी होती. नळ सगळे घट्ट बंद, भांडी पालथी घातलेली, गादीवर चादर. ओल होती ती फक्त दाराजवळच्या बोळकांडीत, आणि तीसुद्धा एकाच भिंतीला. प्लंबरने त्या भिंतीवर हात फिरवला, मग कान लावला, मग बोटाच्या पेराने वाजवून बघितलं.

"या भिंतीपलीकडे कोण राहतं?" त्याने विचारलं.

सगळे हेडक्लार्कांकडे बघू लागले. हेडक्लार्कही आधी सवयीने मागे वळून बघू लागले, आणि मागे कोणी नाही हे दिसल्यावर त्यांना कळलं की पलीकडे आपली बाथरूम आहे.

"नळाला पाणी बारीक येतंय म्हणून मी कधीपासून सांगत होते," दारातून बायकोचा आवाज आला. तिला खोचून बोलायची गरजच नव्हती, ती नुसती माहिती देत होती. "बघतो, बघतो, म्हणालात."

सेक्रेटरी हळूच म्हणाला, "म्हणजे व्हॉल्व्ह चांगला आहे तर." फेसवाल्याने गालावरचा वाळलेला फेस खरवडला आणि काही न बोलता वर निघून गेला. त्याचं ते न बोलणं हेडक्लार्कांना सगळ्यात जास्त झोंबलं. हवालदाराने मात्र त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "यापुढे स्वतःच्या घराकडे बघायला सुरुवात करा," तो म्हणाला. "त्याला आमची परवानगी लागत नाही."

प्लंबरने त्याच दिवशी हेडक्लार्कांच्या बाथरूमची भिंत फोडली, कुजलेला पाइप काढून कोपऱ्यात ठेवला, त्यांच्या घराचं पाणी बंद केलं आणि "नवा पाइप आणि गवंडी घेऊन येतो" म्हणून गेला. जाताना पेटी ठेवून गेला, म्हणजे परत येणार अशी आशा ठेवायला जागा होती. सुताराने मास्तरांची चौकट बघून सांगितलं की लाकूड वाळल्याशिवाय स्क्रू धरणार नाहीत. तोवर दार बंद होणार नाही.

दार बंद होणार नाही म्हणजे घर उघडं. उघडं घर सोडून जाता येत नाही म्हणजे कोणीतरी आत बसायला हवं. हेडक्लार्कांनी कचेरीत रजा टाकली आणि मास्तरांच्या खुर्चीत, दाराला पाठ टेकवून बसले. संध्याकाळी मास्तरांचा फोन आला.

"बघितलंत का?"

"बघितलं. मिटलं सगळं."

"कुठून येत होतं?"

"भिंतीतून."

"कुठल्या भिंतीतून?"

हेडक्लार्कांनी समोरच्या ओलीकडे बघितलं. "मधल्या."

भूमितीच्या माणसाला एवढं पुरे होतं. मग मास्तर "बरं" म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ काय असेल यावर हेडक्लार्कांनी पुढचे कित्येक दिवस घालवले. आपण मास्तरांच्या खुर्चीत बसून बोलतोय, हे सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या फोनच्या वेळी सांगू म्हणाले, तर पुढच्या वेळी ते आदल्या वेळी का सांगितलं नाही, हेही सांगावं लागलं असतं. म्हणून ते नुसतं "बघतोय" म्हणत राहिले, आणि ते खोटं नव्हतं.

प्लंबर येईना. फोन केला की म्हणायचा, "गवंड्याला विचारून बघतो." इकडे स्वतःच्या घरात पाणी नाही आणि सेक्रेटरीने व्हॉल्व्ह उघडून दिल्यापासून मास्तरांचे नळ चांगले धो धो वाहणारे. पहिल्या दिवशी बायको तिथून फक्त एक बादली घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, बादल्या वाहण्यापेक्षा भांडी इथेच घासते. मग भाजी इथेच धुतली, आणि धुतलेली भाजी पलीकडे नेऊन शिजवण्यात काय अर्थ आहे, असं होत होत शेगडी आली, चहा-साखरेचे डबे आले, हेडक्लार्कांचं दाढीचं सामान आलं. बायकोने ओली बोळकांडी दोनदा पुसली, भिंतीसमोर पंखा लावला, कपाटातली दमट झालेली भूमितीची पुस्तकं गच्चीवर ऊन दाखवून आणली आणि येता येता पडदेही धुऊन टाकले. हेडक्लार्क हे सगळं खुर्चीतून असहायपणे बघत होते. बघा म्हणाले होते मास्तर. राहा म्हणाले नव्हते.

रिकाम्या वेळात त्यांनी माफी तयार केली. चांगली, मुद्देसूद माफी. पहिला मुद्दा भिंतीचा, दुसरा चौकटीचा, तिसरा राहण्याचा. प्रत्येक मुद्द्याला कारणं, आणि शेवटी समारोपाचं एक वाक्य, ज्यात 'सद्हेतू' हा शब्द होता. आरशासमोर म्हणून बघितली तेव्हा त्यांचे स्वतःचेच डोळे पाणावले. मास्तर यायला अजून अवकाश होता. तोवर दार होईल, भिंत होईल, आपण आपल्या घरी असू आणि इस्त्रीचा शर्ट घालून जाऊन माफी मागू, असा बेत होता.

एका सकाळी ते मास्तरांच्या बाथरूममधून कमरेला टॉवेल गुंडाळून बाहेर आले. त्यांच्या कपाळावर अजून साबण होता. समोरचं दार उघडं होतं आणि उंबरठ्याबाहेर मास्तर आणि मास्तरीणबाई बॅगांसकट उभे होते. स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता.

मास्तरांनी दारावरची पाटी बघितली. नाव त्यांचंच होतं. मग त्यांनी उघड्या दारावर टकटक केलं आणि विचारलं, "आत येऊ का?"

"या ना, या," हेडक्लार्क म्हणाले. आपण कोणाला कुठे बोलावतोय, हे त्यांना नंतर कळलं.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. ती जराही गडबडली नाही. "चांगले वेळेवर आलात, चहा टाकलाच आहे," म्हणून तिने मास्तरीणबाईंच्या हातातली पिशवी घेतली. मास्तरीणबाई घरभर फिरून आल्या. पडद्यांना हात लावून बघितला, पुस्तकांच्या कपाटाकडे बघितलं, चौकटीचा फोडलेला कोपराही बघितला, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. जरा वेळाने त्या आतून बोलू लागल्या, त्या हेडक्लार्कांच्या बायकोशी, पण आवाज बाहेर येत होता.

"लवकरच निघालो आम्ही. मुलगी चांगली आहे हो, जावईही चांगले. पण सगळे कामात. आम्ही दोघं आपले दिवसभर बाल्कनीतून रस्ता बघायचो. हे तर गाड्या मोजायला लागले होते. परत येतानाही मनात तेच, की आता बंद घर उघडायचं, धूळ झटकायची आणि पुन्हा दोघांनीच एकमेकांकडे बघत बसायचं."

मग कपबश्यांचा आवाज झाला आणि दोघीजणी वेगळंच काहीतरी बोलू लागल्या.

बाहेर मास्तर आपल्या खुर्चीत बसले. डोक्यावरची टोपी त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटले. प्रवासाचा शीण चेहऱ्यावर दिसत होता. हेडक्लार्क त्यांच्यासमोर ओलेते उभे होते. शर्ट नव्हता, इस्त्रीचा तर नव्हताच, पण आता बोललो नाही तर पुन्हा धीर होणार नाही हे त्यांना कळत होतं. त्यांनी घसा साफ केला.

"मास्तर, मला तीन मुद्दे मांडायचे आहेत."

मास्तरांनी डोळे न उघडता मान हलवली.

हेडक्लार्कांनी मांडले. भिंतीचा मांडला, चौकटीचा मांडला. दुसऱ्या मुद्द्याच्या मध्यावर कपाळावरचा साबण डोळ्यात गेला, तरी ते थांबले नाहीत. तिसराही मांडला. 'सद्हेतू' म्हणून ते थांबले. स्वयंपाकघरातलं बोलणंही थांबलं होतं. मास्तर इतके स्तब्ध होते की हेडक्लार्कांना वाटलं, ते झोपलेच. एवढी तयार केलेली माफी, आणि ती झोपलेल्या माणसाला ऐकवली.

"मधली भिंत दोन्ही घरांची असते," मास्तर मिटल्या डोळ्यांनीच बोलले. "अर्धी तुमची, अर्धी माझी. तेव्हा पहिला मुद्दा अर्धाच."

"हो," हेडक्लार्क म्हणाले.

"चौकटीला वाळवी लागली होती. ती बदलायचीच होती."

"हो का?"

"आणि तुमचा प्लंबर येईपर्यंत तुम्ही जाणार कुठे. तेव्हा तिसरा मुद्दाही मिटला."

हेडक्लार्कांचा ऊर भरून आला. इतक्या दिवसांचा मान-अपमान, चौकीतला बाक, हवालदाराचा खांद्यावरचा हात, सगळं एकदम उतरून गेल्यासारखं वाटलं. ते पुढे झाले. मास्तरांचे हात हातात घ्यावेत की काय असा त्यांचा विचार होता.

तेवढ्यात मास्तरांनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"फक्त एक आहे, हेडक्लार्क," ते म्हणाले. "मलाही अंघोळ करायचीय, आणि तुमच्या कमरेला आहे तो टॉवेल माझा आहे."

हेडक्लार्कांनी खाली बघितलं. टॉवेल निळ्या काठाचा होता. त्यांचा स्वतःचा पिवळा, आणि तो पलीकडे, फुटलेल्या भिंतीच्या घरात, खुंटीला टांगलेला. मधे जिना होता, आणि जिन्यातून गच्चीवर कपडे वाळत घालायला निघालेल्या सगळ्या इमारतीच्या बायकांचा आवाज जवळ येत होता. यावर मात्र त्यांच्यापाशी एकही मुद्दा तयार नव्हता.